हाजिरतळ्याची पायरी

करवंडीच्या शिवेवर, तालुक्याच्या वाटेला लागूनच एक तळं आहे. त्याला हाजिरतळं म्हणतात. वैशाखात आसपासच्या विहिरी तळ दाखवतात, पण या तळ्याचं पाणी एका काळ्या पायरीच्या खाली उतरत नाही. पाहुणा आला की इथल्या म्हाताऱ्या सोनाआक्का त्याला आधी त्या पायरीपाशी उभं करतात आणि मग सांगू लागतात.

एके काळी, म्हणे, या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, खालच्या वस्तीतल्या माणसांना होता. वस्तीतल्या गिरजाबाईंनी एकदा त्यात घागर बुडवली. घागर फुटली आणि बाईंचा हातही मोडला. कायदा कधीचाच झाला होता. तो करवंडीपर्यंत चालत आला नव्हता, इतकंच.

तालुक्याला तेव्हा दौलत सरवदे नावाचे वकील होते. तेही अशाच एका वस्तीतून शिकून वर आलेले. त्यांनी गिरजाबाईंच्या नावाने तळ्यासाठी दावा लावला. माणूस फार जपून पाऊल टाकणारा. त्यांनी बाईंना बजावलं, "दोनच गोष्टी पाळा. पुकारा झाला की हाजिर राहायचं. आणि निकाल लागेपर्यंत त्या पाण्याला हात लावायचा नाही. त्यांना बोट दाखवायला जागा नको."

"तहानेनं मेले तरी नाही लावायची, दादा," बाई म्हणाल्या. दोघंही हसले.

तारखांवर तारखा पडत गेल्या. बाई दर तारखेला चालत येत. पट्टेवाल्याने नाव पुकारलं की "हाजिर!" असं ओरडत, की कारकून दचकून वर बघे.

"बाई, हळू. साहेब बहिरे नाहीत," पट्टेवाला म्हणे.

"साहेब नसतील. गाव हाय."

बाईंच्या जबानीची तारीख नेमकी वैशाखात आली. त्या दिवशी तीनदा पुकारा झाला आणि ओ आली नाही. समोरचा वकील म्हणाला, "तळ्यावर गेली असेल, पाणी भरायला!" सगळं कोर्ट हसलं. सरवदे वकील मनातून चिडले ते बाईंवरच. एवढं बजावून आजच? पुढली तारीख मागून ते तरातरा करवंडीच्या वाटेला लागले.

बाई तळ्यावरच होत्या. अंगात ताप असताना कोर्टासाठी निघाल्या होत्या आणि या पायरीवर येऊन बसल्या होत्या. ओठ सुकून फाटलेले, हात कोरडे. पलीकडच्या काठाला गुरं पाणी पीत होती. सोबत निघालेली बाईंची लेक वस्तीवर धावत जाऊन तांब्या घेऊन आली होती, पण तोवर सगळं आटोपलं होतं.

"मी इथलीच ओंजळ भरायला वाकले," लेक वकिलांना म्हणाली, "तर माझा हात धरला तिनं. म्हणाली, दादाचा दावा बुडंल."

वकिलांना हरेक गोष्टीचं कलम पाठ होतं. त्या दिवशी त्यांना एकही आठवलं नाही.

त्यांनी वारस म्हणून लेकीचं नाव लावलं, दावा चालवला आणि जिंकला. पुढल्या वैशाखात सगळी वस्ती घागरी घेऊन तळ्यावर जमली. पहिली ओंजळ वकीलसाहेबांची, असं सगळ्यांचं ठरलं. त्यांनी ओंजळ भरली, पण ती ओठांपर्यंत गेली नाही. पाणी त्यांनी पायरीवर सोडलं आणि पट्टेवाल्यासारखा पुकारा केला, "गिरजा धोंडिबा ओव्हाळ, हाजिर हो!"

कोणी बोललं नाही. दुसरा पुकारा झाला, तरी नाही. तिसऱ्याला लेक ओरडली, "हाजिर!" आणि तिच्यामागून सगळी वस्ती.

तेव्हा तळाशी गेलेलं पाणी हलत हलत वर आलं आणि ही पायरी भिजवून थांबलं, असं सांगतात. वकिलांनी मात्र ते पाणी जन्मात तोंडाला लावलं नाही. करवंडीला येताना ते घरून तांब्या घेऊन येत.

आजही वैशाखात एक दिवस पहिली ओंजळ पायरीवर सोडतात, बाईंच्या नावाचा पुकारा होतो आणि मगच घागरी बुडतात. वरच्या आळीतली माणसंही "हाजिर" म्हणतात. काही मोठ्याने, काही तोंडातल्या तोंडात.

पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "आक्का, पाणी खरंच वर आलं होतं?"

सोनाआक्का पदराचा काठ पायरीवर टेकवतात. तो ओला होतो.

"लोक सांगतात तसं," त्या म्हणतात. "मला कुठलं दिसायला? डोळे भरलेले होते. आईच्या नावाला मी ओ दिली, तेवढं मला ठाऊक."