तीन घरांचं मत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे प्रजेला विचारून कारभार करत. हो, असेही राजे होते बरं! अशाच एका नगरात एक दवंडीवाला होता. राजाचा प्रश्न घरोघर न्यायचा, लोकांचं मत राजाला कळवायचं आणि डफ वाजवून तेच गावभर पुकारायचं, हे त्याचं काम.

एका वर्षी राजाने विचारलं, "यंदा माणसं एकाच कामापुरती आहेत. तळ्याची भिंत दुरुस्त करायची, की मोठी जत्रा भरवायची?"

दवंडीवाल्याचं घर भिंतीखालच्या आळीत. तो निघताना बायको म्हणाली, "अहो, भिंत पाझरतेय. परसातली माती सुकतच नाही. आपलंही मत सांगा."

"मी दवंडीवाला. मला कसलं मत?" म्हणत तो निघाला.

ऊन रणरणत होतं. चौकातली पहिली तीन घरं हलवायाची, फुलाऱ्याची आणि खेळणीवाल्याची. तिघेही म्हणाले, "जत्राच हवी!" हलवायाने वर पेढाही दिला. शितावरून भाताची परीक्षा, असं मनाशी म्हणत दवंडीवाला तिथूनच माघारी वळला. राजाला कळवून त्याने पुकारलं, "ऐका हो ऐका! सगळ्या नगराला जत्रा हवी!"

भिंतीसाठी बोलायला निघालेला कुंभार ते ऐकून उंबऱ्यातच थबकला. सगळेच म्हणतात, तर आपलंच चुकत असेल! विणकरीण, गुराखी, म्हातारे गुरुजी, सारे असेच गप्प राहिले.

जत्रा झकास झाली. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी भिंत फुटली. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. घरं मात्र गेली, दवंडीवाल्याचंही गेलं.

टेकडीवर कुडकुडत कुंभार पुटपुटला, "मला तर भिंतच हवी होती."

"मलाही," विणकरीण म्हणाली. एकेक करत सगळी आळी तेच म्हणाली.

धावत आलेल्या राजाची मान खाली गेली. तो दवंडीवाल्याला म्हणाला, "मलाही भिंतच बरी वाटत होती. पण सगळ्यांना जत्रा हवी, असं तूच कळवलंस ना?"

दवंडीवाल्याने बायकोकडे पाहिलं. त्याला रडू आवरेना. "महाराज, मी तीन घरं विचारली आणि 'सगळे' म्हणालो."

"तू तीनच विचारलीस खरं," कुंभार म्हणाला, "पण आम्हाला दार उघडून बाहेर यायला कुणी अडवलं होतं?"

भिंत आणि घरं पुन्हा उभी राहिली. तेव्हापासून दवंडीवाला विचारायला सुरुवात करी ती भिंतीलगतच्या शेवटच्या घरापासून. आणि तो येण्याआधीच लोक उंबऱ्याबाहेर उभे असत.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्या 'सगळ्यां'त तुमचा आवाज नाही, ते सगळे नव्हेतच.