नाव न विचारणारा मठ

चूक महाराजांची होती. विश्वंभरला त्याबद्दल तिळभर शंका नव्हती, आणि तेच त्यांच्या तोंडावर सांगायला तो भर उन्हात टेकडी चढून आला होता.

"हात का ठेवलात त्याच्या डोक्यावर?"

ना नमस्कार, ना कुशल. बूट पायरीवर काढले आणि थेट प्रश्न.

महाराज निंबाखाली बसून सुपात तूर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाच्या?"

"सुदर्शन सरांच्या." मग त्याची त्यालाच चीड आली. "सर कसले... सुदर्शनच्या."

सूप थांबलं.

"ठेवला," महाराज म्हणाले.

"का, ते विचारतोय."

"वाकला म्हणून."

हेच ते. या मठाची सगळी ऐट हीच होती. टेकडीवर आलेल्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच नाही. जो वाकेल त्याच्या डोक्यावर महाराजांचा उजवा हात. मग तो आमदार असो की पाकीटमार. खालच्या कमानीवर तसं रंगवलेलंच होतं... 'इथे नाव विचारत नाहीत'. विश्वंभर अक्षरं लावायला शिकला तो ही पाटी वाचून. दर गुरुवारी बाप त्याला खांद्यावर बसवून आणायचा.

आज येताना त्या पाटीवर चुना फासलेला दिसला होता. असेल. रागात चढणारा माणूस पाट्या कशाला वाचतो.

सुदर्शन याच टेकडीवर उगवला. गुरुवारच्या पंगतीत वाढायला उभा राहिला, उष्ट्या पत्रावळी उचलल्या, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवल्या. कुठला, कुणाचा, कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. मग एका गुरुवारी तो महाराजांपुढे वाकला, हात डोक्यावर आला, आणि कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता.

दुसऱ्या दिवसापासून सुदर्शन 'महाराजांचा माणूस' झाला. आणि त्यानं बारावी झालेली पोरं गाठायला सुरुवात केली.

"खातं आहे ना बँकेत? नुसतं पडून आहे. आमच्या कंपनीला द्या वापरायला. खोली भाड्यानं देता तसं. भाडं मिळेल."

पासबुक, एटीएम कार्ड, त्याचा पिन, आणि खात्याला जोडलेलं सिम. एवढंच मागितलं त्यानं. एवढंच म्हणजे सगळं, हे विश्वंभरला नंतर कळलं.

तो काही न विचारता गेला नव्हता. बापाला विचारलं होतं. बाप नगरपालिकेत, पाण्याचे नळ सोडायच्या कामावर. बापानं मोबाईलवरचा फोटो कपाळाला लावला आणि म्हणाला, "महाराजांचा हात आहे बाबा. देऊन टाक." हाच बाप आता टेकडीचं नाव काढलं की तोंड फिरवतो. गुरुवार बंद केला त्यानं. का, ते सांगत नाही.

बँकेतल्या साहेबानं खातं उघडताना सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं होतं. कशाखाली करायची, ते वाचायला वेळ दिला नव्हता. कॉलेजात सरांनी चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ होईस्तोवर घोटून घेतलं होतं. खातं दुसऱ्याच्या हातात देऊ नये, हे एक वाक्य मात्र त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं. फक्त नंतर.

कुठल्यातरी लांबच्या राज्यात एक निवृत्त नर्सबाई होती. फोनवर पोलीस असल्याचं सांगून, अटकेची भीती घालून, कुणीतरी तिच्याकडून आयुष्यभराची पुंजी काढून घेतली. ती पुंजी सकाळी विश्वंभरच्या खात्यात आली आणि दुपारी पुढं गेली. त्या आठवड्यात सुदर्शनही पुढं गेला. खातं गोठलं.

आणि आईनं, काही माहीत नसताना, त्याच खात्यात विश्वंभरच्या पॉलिटेक्निकच्या फीचे पैसे भरले. अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून साठवलेले. पैसे आत घेताना खिडकीतला माणूस काही बोलला नाही. त्याला घेऊन काढायला गेली तेव्हा बोलला.

"पोलिसांचं पत्र आणा. त्याशिवाय एक रुपया निघणार नाही."

फी भरायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती.

"चला माझ्याबरोबर ठाण्यात," विश्वंभर म्हणाला. "तिथले साहेब तुमच्या पाया पडतात. त्यांना सांगा, चूक तुमची आहे. पत्र द्यायला सांगा."

"चूक माझीच आहे."

विश्वंभर गडबडला. भांडायला म्हणून आलेल्या माणसाला समोरच्यानं भांडणच दिलं नाही की त्याची पंचाईत होते. त्यानं उगाच पायरीकडं पाहिलं. मग महाराजांकडं. मग पुन्हा पायरीकडं.

"सारखं तिकडं काय बघतोस?"

"बूट आहेत."

"मग?"

"नवे आहेत. कुणी घालून गेलं म्हणजे?"

महाराजांनीही पाहिलं. पांढरे, जाड तळव्याचे बूट. शेजारी दुसरं एकही पायताण नव्हतं.

"इथं उभा असलास तरी ते तुझेच ना?"

"म्हणजे काय. माझेच."

"कुणी ते घालून एखादीच्या घरात शिरला. चिखलाचे ठसे उठले थेट देवघरापर्यंत... ठसे कुणाचे?"

"जो शिरला त्याचे."

"तो तर गेला. घरात काय दिसतंय?"

विश्वंभरनं बुटांवरची नजर काढली.

"बूट कशातून घेतलेस, लेकरा?"

सुपात एक खडा सापडला. महाराजांनी तो चिमटीत धरून उन्हात पाहिला आणि बाजूला टाकला. त्यांना घाई नव्हती.

"भाडं एकदाच आलं," विश्वंभर म्हणाला. "पुढं काही आलंच नाही."

"म्हणजे पुढंही हवं होतं."

"गरिबाच्या पोरानं चांगले बूट घालूच नयेत का?" तो उसळला. "तुम्हाला काय कळणार. तुम्हाला सगळं आयतं. ती तूरसुद्धा कुणाच्यातरी शेतातली."

"हो. कुणाच्यातरी."

"मग मला शिकवू नका."

"शिकवत नाही," महाराज म्हणाले. "शिकवायचं तेव्हा शिकवलं नाही. आता कुठल्या तोंडानं शिकवू?"

विश्वंभरचा आवाज जरा खाली आला.

"बरं. अर्धी अर्धी म्हणा. अर्धी चूक तुमची, अर्धी माझी. तेवढं तरी येऊन सांगा."

"अर्धी नाही. पूर्ण माझी."

"मग चला."

"आणि पूर्ण तुझी."

"हा कुठला हिशोब?"

महाराजांनी सूप एकदा पाखडलं. फोलपटं वाऱ्यावर गेली.

"येताय की नाही?" विश्वंभरनं विचारलं.

"जाऊन आलो."

"कुठं?"

"ठाण्यात. सुदर्शन पळाला, त्याच आठवड्यात." महाराज बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "सांगितलं, तो माणूस माझ्या पंगतीत वाढत होता. हात माझा होता. माझ्या हाताकडं बघून पोरांनी दिलं. लिहून घ्या म्हटलं."

"मग?"

"साहेब उठून पाया पडला. चहा सांगितला. म्हणाला, महाराज, आशीर्वादाला कलम लागत नाही. जीपनं आणून सोडलं मला. कमानीपर्यंत."

"आणि आमचं? पोरांचं?"

"तेही विचारलं मी."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, खातं ज्याचं, त्याला लागतं."

विश्वंभर खालीच बसला. चढून येताना डोक्यात एकच गोष्ट होती, महाराज चालत ठाण्यात शिरतील आणि सगळे उभे राहतील. ते शिरले होते. सगळे उभेही राहिले होते. आणि काही झालं नव्हतं.

खाली गावात कुठंतरी, कॉलेजच्या ऑफिसात, फीची खिडकी अजून उघडी होती. त्याच्या नावापुढची जागा अजून त्याचीच होती. संध्याकाळी ती दुसऱ्या कुणाची तरी होणार होती.

"आईला काय सांगू?" तो म्हणाला. महाराजांना नव्हे, असंच.

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं.

"मी काय करू मग?"

"तू गेलास ठाण्यात?"

"नाही."

"का?"

"बोलावणं कुठं आलंय अजून."

"बोलावणं यायच्या आत जा."

"आणि काय सांगू?"

"सगळं."

विश्वंभरनं पायरीकडं पाहिलं.

"बुटांचं पण?"

"बूट घालूनच जा."

तो नखानं जमीन उकरत राहिला.

"सोडतील मला?"

"माहीत नाही."

"फीचे पैसे सुटतील?"

"आज नाही."

"कधी?"

"माहीत नाही."

महाराजांच्या तोंडून 'माहीत नाही' हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गुरुवारच्या प्रवचनात त्यांना जन्माआधीचं माहीत असायचं, मेल्यानंतरचं माहीत असायचं. एका गोठलेल्या खात्याचं माहीत नव्हतं. विश्वंभरला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"त्या बाईचं नाव काय?" महाराजांनी विचारलं.

"कुठल्या बाईचं?"

"जिच्या घरात ठसे उठले."

विश्वंभरनं ती नर्स होती एवढं ऐकलं होतं. लांबची होती एवढंही. तेवढ्यावर त्याचं भागलं होतं. त्याचा सगळा वेळ आपली फी, आपली जागा, आपलं खातं यातच गेला होता.

"विचारलं नाही," तो म्हणाला.

"मीही नाही विचारलं," महाराज म्हणाले. "साहेबाशी बोलताना सुचलंच नाही... ठाण्यात गेलास की विचार. मला येऊन सांग."

तो उठला. पॅन्टची माती झटकली. आता भांडण उरलं नव्हतं आणि दुसरंही काही उरलं नव्हतं. पाय वळले, पण सवय लहानपणाची. जाण्याआधी तो वाकला.

महाराजांचा उजवा हात वर आला. आणि त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

"नाव काय तुझं?"

विश्वंभर वाकलेलाच राहिला.

"महाराज, मी बापाच्या खांद्यावर बसून येत होतो इथं."

"पोरा, नाव विचारलं."

"विश्वंभर."

"कुणाचा?"

"रंगनाथ ढवळेंचा. नळ सोडतात ते."

"काय करतोस?"

"शिकतो." जीभ अडखळली. "शिकणार होतो."

मग हात खाली आला. पूर्वीपेक्षा जड वाटला. किंवा पूर्वी तो इतका वेळ टेकलाच नसेल. रांग मोठी असायची, मागचा ढकलायचा, हात या डोक्यावरून त्या डोक्यावर जायचा.

विश्वंभर सरळ झाला.

"आता सगळ्यांना असंच विचारता?"

"सगळ्यांना."

"आमच्या वडिलांनाही?"

"त्यांनाही विचारलं. इतकी वर्षं येत होते. चेहरा ओळखीचा, नाव माहीत नव्हतं मला."

"काय म्हणाले?"

"काही नाही. न वाकताच वळले."

विश्वंभरनं तेव्हा कुठं आवाराकडं नीट पाहिलं. आज गुरुवार होता. शेडच्या कोपऱ्यात पत्रावळींचे गठ्ठे बांधलेलेच पडले होते. पंगतीची मोठी कढई पालथी होती, आणि तिच्या बुडावर धूळ बसली होती. चुलीत राखसुद्धा जुनी. महाराज जी तूर निवडत होते ती जेमतेम एका माणसाच्या डाळीपुरती होती.

पायरीवर पांढऱ्या बुटांचा एकच जोड होता. तो कुणी घालून गेलं नव्हतं. घालून जायला कुणी नव्हतंच.

महाराजांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"विचारायला लागलो," ते म्हणाले, "तेव्हापासून इथं कुणी येत नाही."