दवंडीची ओंजळ

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक दवंडीवाली राहत होती. बापामागे हलगी तिच्या गळ्यात आली, तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसाचा आवाज कुठवर पोचणार? तो वेशीपासून तळ्यापर्यंत पोचला, आणि बोलणारे गप्प बसले.

त्या गावाची एक जुनी रीत होती. दर पौर्णिमेला प्रत्येक घरानं दवंडीवालीच्या टोपलीत ओंजळभर ज्वारी घालायची. पाटलाची एक ओंजळ, कुंभाराचीही एकच. कमी चालत नसे, जास्तही चालत नसे, आणि नाही म्हणायची तर सोयच नव्हती. त्या ज्वारीवर ती जगायची आणि गावात जे घडेल ते साऱ्या गावाला सांगायची. तळ्यात पाणी किती उरलं, बिबट्याचा माग कुठं दिसला, पाटलाच्या बैलांनी कुणाचं शेत खाल्लं. बैल पाटलाचे आहेत म्हणून तिचा आवाज कधी खाली आला नाही.

एकदा तिनं दवंडी दिली, "तेलाच्या व्यापाऱ्याचं माप खोटं आहे होऽ! तेलाला जाताना आपलं माप घरून न्याऽ!"

व्यापाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण गडी पक्का होता. भांडायला गेला नाही. पुढच्या गावसभेत तो हात जोडून उभा राहिला.

"मंडळी, मला स्वतःसाठी काही मागायचं नाही," तो म्हणाला. "पण ही गोधड्या शिवणारी आजी बघा. ठार बहिरी. जन्मात हिला दवंडीचा एक शब्द ऐकू आला नाही. तरी दर पौर्णिमेला हिच्या मडक्यातली ज्वारी जातेच. हा कुठला न्याय? ज्याला ऐकायचं आहे त्यानं द्यावं. बाकीच्यांवर जबरदस्ती कशाला?"

लोकांच्या माना डोलल्या. खरं सांगायचं तर त्या आजीच्या दारातून टोपली उचलताना दवंडीवालीलाही दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं. ती खाली मान घालून बसली, आणि ओंजळ ज्याच्या त्याच्या मर्जीवर गेली.

पहिल्या पौर्णिमेला टोपली निम्मी भरली. दुसऱ्या पौर्णिमेला तिचा तळ दिसू लागला. न देणाऱ्यांनी ऐकणं सोडलं होतं म्हणाल, तर नाव नको! हलगी वाजली की दारं धाडधाड लागायची आणि प्रत्येक दाराआड एकेक कान चिकटायचा. "आम्ही कुठं ऐकतो?" असं सांगणारा सोनार, तळं गढूळ झाल्याची दवंडी होताच घागर घेऊन विहिरीकडे वळला. शेजारी देतोच आहे, मग आपण कशाला, असं ज्याला त्याला वाटत होतं. शेजाऱ्यालाही तेच वाटत होतं.

मग एके दिवशी व्यापारी दवंडीवालीच्या दारात आला. मागे गड्याच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं.

"बाई, तुझे हाल बघवत नाहीत मला," तो म्हणाला. "दर पौर्णिमेला असं एक पोतं मी एकटा देईन. तू एवढंच कर. जे सांगायचं असेल ते आधी माझ्या कानावर घाल, मग गावाच्या."

दोन दिवस तिची चूल पेटली नव्हती. तिनं पोत्याकडे पाहिलं. ज्वारी चांगली टपोरी होती.

"शेटजी," ती म्हणाली, "ओंजळ घेते तोवर मी गावाची. पोतं घेतलं की तुमची. न्या ते परत."

"उपाशी मरशील!"

"मरेन की. त्याची दवंडी तुमच्या माणसाला द्यायला लावा."

व्यापाऱ्यानं खरंच स्वतःचा माणूस ठेवला. तो नकला करायचा, गाणी म्हणायचा, आणि एक दाणाही मागायचा नाही. गाव खूश झालं. दवंडीवालीनं हलगी खुंटीला टांगली आणि ती केरसुण्या बांधायला लागली.

थोड्याच दिवसांत गावात लोकांचे पाय सुजू लागले. चार पावलं चाललं की धाप लागायची. फुकटचा दवंडीवाला रोज नवं गाणं म्हणत होता आणि गाव सुजल्या पायांनी ते ऐकत होतं.

एका दुपारी व्यापाऱ्याच्या घाण्यावर बिया निवडणारी बाई दवंडीवालीकडे धावत आली. तिनं पदराची गाठ सोडली. आत बारीक काळं बी होतं.

"पिवळा धोतरा आहे गं हा! यानंच पाय सुजतात. रानातून पोती भरून आणतात आणि तेलबियांत मिसळतात. शेटजींच्या दवंडीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणतो, आधी शेटजींना विचारतो."

दवंडीवाली उठली. खुंटीवरची हलगी काढली, जाळावर तापवली आणि भर उन्हात बाहेर पडली.

"तेलात विष आहे होऽ! पिवळा धोतरा आहे होऽ! घरातलं तेल ओतून द्याऽ!"

चौथ्या आळीत तिला व्यापाऱ्याच्या गड्यांनी धरलं आणि चावडीवर नेलं. गाव गोळा झालं.

"गावाची ओंजळ नाही, तर गावाची दवंडीही नाही," व्यापारी ओरडला. "हिला कुणी बोलावलं? कुणाचा दाणा खाऊन ही बोलली? पाटील, हलगी फोडा आणि हिला वेशीबाहेर काढा!"

पाटलानं गावाला विचारलं, "कुणी दिली होती हिला ओंजळ?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. पाय सुजलेले होते.

तेवढ्यात गर्दीतून, शेजारच्या सुनेच्या खुणा बघत, बहिरी आजी काठी टेकत पुढं आली. पदरात ज्वारी होती. तिनं ती ओंजळीत घेतली आणि दवंडीवालीच्या हलगीवर ओतली. दाणे ताडताड वाजले. आजीला ते ऐकू आलं नाही.

"ही माझी," ती मोठ्यानं म्हणाली. "शेटजी, माझं नाव पुढं करून तुम्ही ओंजळ मोडलीत. मला विचारलं होतं? मला ऐकू येत नाही. पण शेजारच्या सुनेला येतं, आणि तिनं आज माझ्या हातातली तेलाची बुधली काढून घेतली. साऱ्या गावाचे कान माझे आहेत. त्यांची ज्वारी मी देईन, मरेपर्यंत देईन, आणि मला अडवून तर दाखवा!"

मग कुंभार ज्वारी आणायला घराकडे वळला. त्याच्यामागे सोनार. बिया निवडणारीनं पदर पाटलापुढं धरला, आणि पाटील उठून थेट घाण्याकडे चालू लागला.

विषारी तेल गावाबाहेर खड्ड्यात ओतलं. घाणा गावानं ताब्यात घेतला. आणि ओंजळ पुन्हा सगळ्यांना सक्तीची झाली.

पुढच्या पौर्णिमेला व्यापारी पोतं घेऊन आला. चुकलो म्हणाला, सगळं ठेवून घे म्हणाला. दवंडीवालीनं त्याच्याच हातानं एक ओंजळ टोपलीत घालून घेतली आणि पोतं परत दिलं.

त्याच दिवशी कुंभारणीनं तक्रार केली, की दवंडी आमच्या आळीत नेहमी शेवटी येते. दवंडीवालीनं हलगी उचलली आणि वेशीपासून तळ्यापर्यंत ओरडली, "दवंडीवाली कुंभारआळीला उशीर करते होऽ! तिला जाब विचाराऽ!"

तात्पर्य: जो आवाज साऱ्या गावाच्या ओंजळीवर जगतो, तोच कुणालाही न भिता बोलू शकतो. म्हणून ज्याला ऐकू येत नाही त्यानंही ती ओंजळ द्यावी, आणि ज्याला ऐकवत नाही त्यानंही.