जिताड्यांच्या तळ्यावरचा पहारा

खाडीलगतच्या एका गावात हाशा नावाचा एक माणूस राहत होता. स्वभावाने भला, पण काळजी त्याच्या पाचवीलाच पुजलेली. मुलीचं लग्न पुढच्या वर्षावर आलं आणि त्याच्या जिवाला घोर लागला. त्या गावात रीत अशी, की व्याह्यांच्या पानात जिताड्याचं कालवण पडायचं ते मुलीच्या बापाच्या तळ्यातल्या माशाचंच. जिताडा विकत आणला, तर बापाची मान खाली.

हाशाने खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून घरामागच्या तळ्यात सोडली. चार मेलीच तर कमी पडायला नकोत, म्हणून तळ्याला सोसणार नाहीत इतकी सोडली. लहान-मोठी सगळी एकत्र. जास्त खाणं टाकलं तर पाणी नासेल, या भीतीने तो दिवसातून एकदाच, एकाच कोपऱ्यात मूठभर जवळा टाकी.

सुरुवातीला जवळा पडला की पाणी नुसतं उसळायचं. मग उसळी कमी होऊ लागली. पिल्लं जातात कुठे? बगळे येतील म्हणून त्याने तळ्यावर जाळं ताणलं. पाणमांजर येईल म्हणून बांधावर काटे लावले. स्वतः पहाऱ्याला बसला. तरी पिल्लं घटतच राहिली. त्याला घास गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना.

शेवटी त्याची नजर शेजारच्या पोशावर गेली. पोशाची येण्याजाण्याची वाट त्याच बांधावरून होती.

"पोशा, उद्यापासून या बांधावर पाय ठेवू नको," हाशा म्हणाला.

पोशा बांधावरच थांबला. "तुझ्या पोरीला खांद्यावर घेऊन जत्रेला मीच न्यायचो ना रं? तिच्या लग्नाचा मासा मी खाईन, तो तिच्या मांडवात बसून." एवढं बोलून तो लांबच्या वाटेने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यात एक मोठं पिल्लू मरून तरंगत होतं. हाशाने ते उचललं. त्याच्या तोंडातून दुसऱ्या, लहान पिल्लाचं शेपूट बाहेर आलं होतं. गिळता गिळता घशात अडकून दोन्ही मेली होती.

हाशाने ते बायकोला, जानकीला दाखवलं. "चोर तळ्यातच होता," तो म्हणाला.

जानकीने ते पिल्लू हातात घेतलं. "याला चोर नका म्हनू. हलायला जागा नाय, पोटाला नाय. यानं करावं तरी काय?"

हाशा तडक पोशाच्या दारात गेला. "चल, बांधावरून जाऊ," तो म्हणाला. पोशाने टोपली उचलली. दोघांनी शेजारच्या खड्ड्यात पाणी घेतलं, लहान पिल्लं तिकडे सोडली, मोठी इकडे ठेवली. जवळा आता सकाळ-संध्याकाळ आणि चारी कडांनी पडू लागला. उरलेली पिल्लं बघता बघता अंगाने भरली.

लग्नात जिताडे मोजकेच निघाले. व्याह्यांना पुरले, पोशालाही पुरले. हाशाच्या पानात नुसता रस्सा पडला. तो त्याने बोटं चाटून खाल्ला.

तात्पर्य: आपल्या हाताखाली वाढणारी पिल्लं घटू लागली, तर चोर शोधायला बाहेर पडण्याआधी आपण त्यांना पुरेशी जागा आणि पोटभर घास देतो का, ते पाहावे.