राजाच्या आधीचा घोट

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाचे राजे आता कुणाच्या लक्षातही नाहीत. उगवतीच्या बाजूला, समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ राज्यात एक बाई राहत होती. उतारावर तिचा चहाचा लहानसा मळा होता आणि घरात एकच लेकरू, तीन वर्षांची मुलगी.

आपल्यासारखा दूध-साखरेचा चहा नव्हे तो. कोवळी पानं खुडायची आणि त्याच दिवशी तापलेल्या लोखंडी कढईत कोरडीच परतायची. हाताने, भराभर. हात थांबला की पान करपलंच. नीट जमलं तर पान सुकूनही हिरवं राहतं, आणि गरम पाण्यात टाकलं की शेंगदाणे भाजल्यासारखा खमंग वास सुटतो.

बाई होती फार भित्री. मुलगी नुसती शिंकली तरी ती रात्रभर तिच्या उशाशी बसून राहायची. आणि मुलगी तर दिवसभर मळ्यात, हाताला लागेल ते पान चघळत. म्हणून बाई झाडांवर कसलंही औषध टाकायची नाही. सकाळी अळ्या हाताने वेचायची, डोंगरावरचं गवत कापून मुळांशी घालायची. तरी पानांना भोकं पडायचीच.

शेजारी एक मोठा मळेवाला होता. त्याने दूरच्या बाजारातून पांढरी पूड आणली होती. ती टाकली की अळी राहत नसे, आणि मधमाशीही फिरकत नसे. पानं मात्र आरशासारखी गुळगुळीत.

"वहिनी, तुमच्या पानांची चाळण झालीय," तो बांधावरून ओरडायचा. "त्यांचा चहा करताय कशाला? त्यांतून गाळा!"

"असू दे हो भावजी," बाई म्हणायची. "किडा खातोय म्हणजे माणसानं खाण्याजोगंच आहे ना ते!"

एके दिवशी दवंडी पिटली. महाराज डोंगरावर येणार. ज्याचा चहा त्यांना आवडेल, त्याला सगळा उतार बक्षीस. सगळा उतार म्हणजे बाईचा मळाही त्यात आला. हरली, तर लेकराला घेऊन जायचं कुठे?

महाराज आले. उतारावर मळे या दोघांचेच, म्हणून माळावर दोनच चुली पेटल्या, दोन कढया तापल्या. दोघांनी पानं परतली. प्रधानाने दोन्हीकडची पानं हातात घेतली आणि नाक मुरडलं.

"महाराज, चव बघायची तरी काय गरज? एकाचं पान रेशमासारखं, आणि हिचं हे असं, उंदरानं कुरतडल्यागत!"

तरी दोघांनी आपापल्या पेल्यात पानं टाकून गरम पाणी ओतलं. तशातच कडेवरची मुलगी रडायला लागली. बाईने नेहमीच्या सवयीने पेल्यावर फुंकर घातली, मुलीला एक घोट पाजला, आणि तोच पेला राजापुढे ठेवला.



"अगं ए!" प्रधान कडाडला. "महाराजांना उष्टं देतेस?"

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकले, महाराज! सवयीनं झालं. आमच्या घरी नव्या पानांचा पहिला घोट लेकराचा. मग पाहुण्यांचा."

"आणि लेकराला नाही चालला तर?"

"तर ओतून देते, महाराज. तिला जे चालत नाही, ते दुसऱ्याला कसं देऊ?"

राजा हसला. मोठ्या मळेवाल्याकडे वळून म्हणाला, "रीत चांगली आहे. तुझीही मुलगी दिसतेय. आधी तिला दे, मग आम्ही घेतो."

मळेवाल्याचा हात पेल्याशी थबकला. सगळं गाव बघत होतं. शेवटी त्याने पेला उचलून मुलीपुढे धरला. "घे गं. एकच घोट."

मुलीने हात पुढे केला, तोच मळेवाल्याची बायको धावत आली. तिने पेला हिसकावला आणि चहा मातीत ओतला.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? तुम्ही तरी पिता का हा कधी? महाराज, घरी आम्ही नुसतं पाणी पितो. विषाची पूड टाकतात हे त्या पानांवर! मी नाही माझ्या पोरीला द्यायची!"

मळेवाल्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

राजाने बाईचा पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. "प्रधानजी, हा उष्टा नाही, पारखलेला चहा आहे. उतार हिचा!"

ढोल वाजले. लोकांनी बाईच्या मुलीला खांद्यावर घेऊन माळभर नाचवलं. आणि ती भित्री बाई राजाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "महाराज, भावजींचा मळा त्यांच्याकडेच राहू द्या. ती पूड तेवढी या डोंगरावर पुन्हा चढू देऊ नका."

राजाने तसा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मळेवाल्याची बायको टोपली घेऊन दारात उभी होती. "ताई, अळ्या वेचायला शिकवता का? हेही येतायत मागून. लाजतायत जरा."

लेकरांनो, आणि लेकरांच्या आयाबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे आपल्या लेकराला भरवायला हात धजत नाही, ते दुसऱ्या कुणापुढेही ठेवू नये.