मचाणावरचा राखणदार

खूप खूप वर्षांपूर्वी, जंगलाच्या कडेला एक गाव होतं. जंगलात एक वाघीण होती. गुरं चरायला सुटली की गावाचा राखणदार मचाणावर बसे आणि वाघीण दिसताच ढोल बडवी. साऱ्या गावाचा जीव त्या ढोलावर होता.

एका वर्षी राखणदाराची झोप उडाली. जेवण मातीसारखं लागू लागलं. तो बोलेनासा झाला. घाबरून बायकोने पंचांना सांगितलं. गावाचा नियम सोपा होता : ताप, जखम किंवा खोकला असेल तरच माणूस आजारी. पंचांनी त्याचं कपाळ चाचपलं, जीभ पाहिली आणि त्याला काहीही झालेलं नाही, असा एकमताने निर्णय दिला. एकाने गूळ खायला सांगितला. दुसऱ्याने, आपल्या तरुणपणी असलं काही नव्हतं, ही मोलाची माहिती दिली.

राखणदार चार महिने तसाच रोज मचाण चढत राहिला.

एके दिवशी ढोल वाजलाच नाही. वाघिणीने वासरू नेलं. गुरं राखणारी म्हातारी हातभर अंतराने वाचली. गाव काठ्या घेऊन धावलं, तेव्हा राखणदार शिडी उतरत होता. वाघीण ज्या जाळीत शिरली, तिकडेच तो निघाला होता. सावकाश, बाजाराला निघाल्यासारखा. बायकोने त्याला घट्ट धरून ठेवलं.

पंच म्हणाले, याला गावाबाहेर काढा. गावात एक वैदीण होती. ती फार प्रश्न विचारते म्हणून पंच तिला काही विचारत नसत. ती पुढे झाली.

"वाघीण दिसली होती का रे?"

"दिसली."

"मग?"

"हात उचलेना, मावशी. वाटलं, हिने मलाच न्यावं."

वाघिणीपेक्षा भयंकर काहीतरी चार महिने आपल्या डोक्यावर बसलं होतं, हे गावाला तेव्हा कळलं.

"हा आजार आहे," वैदीण म्हणाली. "औषध आहे, पण गुण यायला वेळ लागेल. तोवर याला घटकाभरही एकटं सोडायचं नाही."

पंधरा दिवस फरक दिसेना. पंच हसले. वैदीण काढा देत राहिली आणि रोज तेच विचारत राहिली : झोप लागली का, भूक लागली का, मरावंसं वाटतं का? महिन्याने त्याने कालवणात मीठ कमी असल्याची कुरकूर केली. बायको आनंदाने रडली.

तो बरा झाल्यावर वैदिणीने गावाला विचारलं, असं आणखी कुणाला होतं का? कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या दाराशी सातजण उभे होते, प्रत्येकजण शेजाऱ्यासाठी औषध मागायला. त्यात एक पंचही होता. शेजाऱ्याचं दुखणं तो फारच बारकाईने सांगत होता.

तात्पर्य : मनाचं दुखणं वरून दिसत नाही, म्हणून ते विचारावं, आणि कळलं की बोल लावू नये, उपचार करावा.