कोंडू मूळ धरतो

एका गावात एक भोळा भाचा होता. भाचा तो हौसाआत्याचा होता, भोळा मात्र साऱ्या गावासाठी होता. नाव कोंडाजी, पण सगळे कोंडूच म्हणत. वय तीस, मिशा भरघोस, आणि सांगितलेलं काम तंतोतंत करायची सवय. घोळ त्या सवयीचाच होता.

हौसाआत्याच्या घरामागं उतारावर बाग होती. बाग म्हणजे कोरडी, मुरमाड जागा, मोगऱ्याची चार खुरटी झुडपं आणि खालच्या कडेला एक सीताफळ. ते आत्याच्या यजमानांनी लावलं होतं. लावलं, आणि त्याच वर्षी ते गेले. झाड राहिलं. यंदा त्याला पहिल्यांदाच फळं धरली होती.

पण पावसाची एकेक सर आली की उतारावरची माती धुपून ओढ्यात जायची. सीताफळाची मुळं उघडी पडली होती. शेजारच्या बाजीनानांचा जन्म बागकामात गेलेला. त्यांनी मुळं पाहिली आणि मान हलवली.

"हौसाबाई, हस्ताच्या पावसाला दोन महिने आहेत. तो आपल्याकडं घागरी ओतल्यासारखा येतो. तोवर हा उतार झाकला नाही, तर झाड ओढ्यात गेलं म्हणून समजा."

"झाकू कशानं?"

"जमीन उघडी आहे म्हणून वाहते. तिच्या अंगावर काहीतरी घाला."

नाना गेले. आत्या चुलीवरचं बघायला आत गेली. परत येऊन पाहते, तर उतारावर तिची गोधडी अंथरलेली, आणि कोंडू कडेकडेनं गोधडी खोचतोय.

"काय करतोस रे?"

"जमिनीच्या अंगावर घातली. उशी कुठल्या बाजूला देऊ?"

आत्यानं गोधडी झटकली. मग सावकाश सांगितलं, "हिरवं पाहिजे, कोंडू. जमिनीलगत पसरणारं, मुळांनी माती धरून ठेवणारं. जा, मळ्याच्या बांधावरून हरळी घेऊन ये. मुळांसकट आण."

कोंडूनं भारा भरून हरळी उपटली. डोक्यावर घेतली. वाटेत कुस्त्यांचा फड लागला होता, तो संपेपर्यंत उन्हात उभा राहिला. घरी आला तेव्हा डोक्यावर वाळलेली वैरण होती.

"अरे, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळायची! वर पाणी शिंपडत राहायचं!"

"आधी सांगायचं ना, आत्या. पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी आत्यानं त्याला हुलग्याचं बियाणं आणायला पाठवलं. हुलगा कमी पाण्यावर येतो, जमिनीवर पसरतो, माती झाकतो. कोंडू मामेभावाच्या गावी गेला, पायलीभर हुलगे घेतले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि वर पाणी शिंपडत राहिला. मामेभावानं दोन दिवस ठेवून घेतलं. कोंडूनं रात्रीही उठून पाणी शिंपडलं.

आत्यानं गाठोडं सोडलं. हुलग्याला बोटभर मोड आले होते.

घरात चार दिवस उसळ झाली. पाचव्या दिवशी नानांकडेही पाठवली. उसळ चांगली झाली होती, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

"कोंडू," आत्या म्हणाली, "असं आणलेलं कोरडं ठेवायचं असतं. राख चोळायची, डब्यात भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. कळलं?"

"आता पक्कं कळलं."

मग नानांनी रताळ्याचे वेल दिले. हिरवेगार आणि लांबलचक होते. आत्या लग्नाला गेली होती, चार दिवसांनी यायची होती. कोंडूनं प्रत्येक वेलाला राख चोळली, सगळे डब्यात दाबून भरले आणि झाकणावर पाटा ठेवला. आत्या आली. डबा उघडला तेव्हा आधी वास बाहेर आला.

आत्या ओट्यावर बसली. म्हणाली, "नानांकडून आणलंस ना? मग आणल्या आणल्या त्याचे वीत वीत तुकडे करायचे. दोन पेरं मातीत, दोन पेरं वर, आणि रोज पाणी. एवढं सोपं आहे रे."

"एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी तिनं कोंडूला नानांकडून पाण्याचा पाइप आणायला पाठवलं. नव्यानं वेल लावायचे, तर उतारावर पाणी चढवायला पाइप लागणारच. नाना पाइप द्यायला जरा का-कू करत होते. नवा होता. पण हौसाबाईंचं झाड म्हणून दिला.

संध्याकाळी नाना वेल घेऊन आले. उतारावर हिरव्या नळ्यांच्या सरळ ओळी उभ्या होत्या. वीत वीत अंतरावर, अगदी देखण्या. कोंडू तांब्यानं पाणी घालत होता.

नानांनी वाकून एक नळी उपटली.

"कोंडू, हा माझा पाइप."

"होय नाना. पेरं कुठं सापडेनात, म्हणून अंदाजानं तोडला. फुटेल का?"

"फुटला," नाना म्हणाले आणि घरी गेले.

वेल मात्र ठेवून गेले. ते आत्यानं स्वतःच्या हातानं लावले. उताराला आडव्या ओळीत, सगळा उतार भरून. तिनं कोंडूला फक्त लक्ष ठेवायला सांगितलं. कोंडूनं लक्ष ठेवलं. रोज सकाळी तो एकेक वेल उपटायचा, मूळ फुटलंय का ते बघायचा आणि परत खोचायचा. चौथ्या दिवशी आत्यानं त्याला पकडलं.

"अरे, उपटून काय बघतोस! एकदा मातीला लागलं ना, की मूळ धरेपर्यंत तिथून हलवायचं नाही. काही झालं तरी नाही!"

"नाही हलवणार. शप्पथ."

दोन आठवड्यांत वेलांनी खरंच मूळ धरलं. पानं पसरली. आत्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. आणि एका दुपारी धनगरवाड्यावरच्या सात शेळ्या उतारावर आल्या. कोंडू तिथंच बसला होता. शेळ्यांनी पहिली ओळ खाल्ली, दुसरी खाल्ली, सगळ्या ओळी खाल्ल्या. ओळी संपल्यावर त्या मोगऱ्याकडं वळल्या, तेव्हा आत्या धावत आली.

"हाकलल्या का नाहीस?"

"त्यांचे पाय मातीला लागले होते, आत्या. तूच म्हणालीस, हलवायचं नाही."

आत्यानं आधी शेळ्या हाकलल्या. मग म्हणाली, "शेळ्या दिसल्या की बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं, कोंडू. चहूबाजूंनी. कुठंही फट ठेवायची नाही."

हस्त लागायचा दिवस उजाडला. लावायला काही उरलं नव्हतं. सकाळी आत्या आठवड्याच्या बाजाराला निघाली. तिथं वाळ्याची, खोल मुळांनी माती धरणारी रोपं मिळतात असं कुणी म्हणालं होतं. निघताना तिनं सीताफळाच्या बुंध्यावर हात ठेवला. ढग पश्चिमेला जमले होते.

"आता कोण आडवं पडून ही माती धरणार आहे?" ती म्हणाली. झाडालाच म्हणाली असेल. पण कोंडू मागं उभा होता.

बाजारात वाळा नव्हता. दुपारी पाऊस आला. दोन तास दुकानाच्या पत्र्याखाली आत्या उभी होती. समोरच्या रस्त्यावरून तांबडं पाणी वाहत होतं आणि ती त्या पाण्याकडं बघत होती. पाऊस थांबल्यावर घरी आली. पिशवी ठेवली आणि ओट्यावर बसली. मागं गेली नाही.

तेवढ्यात नानांची हाक आली, "हौसाबाई, मागं या. आणि घाबरू नका."

सीताफळ उभं होतं. फळांसकट उभं होतं. झाडाच्या वरच्या अंगाला, मुळांलगत, बाभळीच्या काट्यांचं गोल, दाट कुंपण होतं. वरून वाहत आलेली सगळी माती त्या काट्यांत अडकली होती, साचली होती, आणि उरलेलं पाणी शहाण्यासारखं बाजूनं निघून गेलं होतं. उघडी मुळं मातीखाली गेली होती.

कुंपणाच्या मधोमध कोंडू पालथा, आडवा पडला होता. पाय घोट्यापर्यंत मातीत पुरलेले. पिंढऱ्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं. पाठीला राख चोळलेली, ती बरीचशी पावसानं धुऊन गेली होती. दोन्ही मुठींत माती घट्ट धरली होती.

आत्या तोंडावर पदर धरून उभी राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. नानांना वाटलं, रडते आहे. पण ती हसत होती. यजमान गेल्यापासून नानांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"ऊठ रे बाबा," ती म्हणाली. "झाड राहिलं. भाकरी खायला चल."

"मूळ धरेपर्यंत हलायचं नाही, आत्या."

"अरे, कोंडू…"

"भाकरी इथंच घाल. बुडाशी."

आत जायला फट नव्हती. नाना घरी गेले आणि काटे तोडायला कोयता घेऊन आले. येताना त्यांनी उताराकडं पुन्हा एकदा नीट पाहिलं. साचलेली माती पाहिली, झाड पाहिलं.

"काही म्हणा हौसाबाई," ते म्हणाले, "हरळी नाही, हुलगा नाही, या गड्यानं उतार धरला. माझ्या मागच्या बांधालाही असंच काहीतरी पाहिजे."

कोंडूनं मातीतून मान वर काढली. मिशांवरून पाणी गळत होतं. चेहरा आनंदानं फुलला होता.

"मग सोपं आहे की, नाना! कोयता आणलाच आहे. माझे वीत वीत तुकडे करा. दोन पेरं मातीत, दोन पेरं वर. आणि रोज पाणी!"

नानांनी कोयता हळूच पाठीमागं लपवला.